गर्भाला पंचांग नसतं

"मावशी, ही अंडी देणारी कोंबडी कोंबड्यासोबत राहते का?"

हा प्रश्न भरबाजारात, हातात पिशवी घेऊन, अतिशय गंभीर चेहऱ्यानं विचारणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. जवळा बाजारच्या कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायला रुजू होऊन मला आठवडाही झाला नव्हता. जीवशास्त्राचे खिल्लारे सर म्हणाले, "चला मॅडम, बाजार दाखवतो," म्हणून मी त्यांच्यासोबत गेले होते. अंडी विकणाऱ्या म्हातारीनं आधी सरांकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि पदर तोंडाला लावून म्हणाली, "आता त्यांच्या घरातलं मला काय ठावं, मास्तर?"

सर हसले नाहीत. "तकलीफ झाली तर होऊ द्या, पण विचारून सांगा. नुसत्या अंड्याचं मला काई काम न्हाई."

मी दोन पावलं मागं सरकून वांगी बघत उभी राहिले. हा माणूस आपल्या ओळखीचा आहे हे त्या बाजारात कुणाला कळू नये असं मला मनापासून वाटत होतं.

सरांना अंडी लागायची ती खायला नाही. ज्या अंड्यात जीव धरलाय अशी अंडी ते प्रयोगशाळेत उबवायचे. तीनेक दिवसांनी अंडं आडवं ठेवून सुईनं थोडा पांढरा बलक ओढून घ्यायचे आणि वरच्या कवचाला ब्लेडनं चौकोनी खिडकी पाडायचे. आत पिवळ्या बलकावर लाल रेघांचं जाळं आणि मधोमध उडणारा टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका. ते काळीज. त्याच्या बाजूला, भिंग लावलं तर दिसेल न दिसेल असा एक फुगवटा. "हा पंख," सर म्हणायचे. "अजून त्याला स्वतःलाच माहीत न्हाई, पण हा पंख हाय." मग खिडकीवर चिकटपट्टी लावून अंडं परत उबेला. दुसऱ्या दिवशी तो फुगवटा वल्ह्यासारखा चपटा झालेला असे.

उबेसाठी लाकडी पेटीत बल्ब लावला होता. पण आमच्याकडची वीज कधी जाईल याचा नेम नव्हता, आणि वीज गेली की पिल्लं मरायची. म्हणून सरांनी एक खुडूक कोंबडी आणून प्रयोगशाळेतल्या सिंकखाली बसवली. तपासणीला आलेल्या साहेबांसमोर ती नेमकी ओरडली. प्राचार्य लालेलाल झाले. सर शांतपणे म्हणाले, "साहेब, हे राखीव उपकरण हाय." माझा वर्ग भिंतीपलीकडंच होता. मी कविता शिकवायचे आणि कोंबडी दाद द्यायची.

माणसाचा चेहरा बघायच्या आधी हात बघायची त्यांना खोड होती. प्रवेशाला आलेल्या पोरालाही म्हणायचे, "हात दाखव." पालकांना वाटायचं सर भविष्य सांगतात, आणि दोन-चार जणांनी तर पोरगं पास होईल का हेही विचारून घेतलं. सर पोराचा दंड धरायचे, "एक हाड." मग कोपराखाली, "दोन हाडं." मग मनगटापुढं, "अन् इथून पुढं गोतावळा. बेडकाचं असंच, वटवाघळाचं असंच, तुझ्या म्हशीच्या पुढच्या पायाचं असंच. एकच कारागीर, मापं तेवढी येगळी." कुणाच्या घरी जेवायला बोलावलं आणि ताटात तंगडी आली की झालंच. यजमान वाढायचे थांबून ऐकत बसायचे.

मला विज्ञानातलं ओ की ठो कळत नाही. पण सरांनी बोटांची गोष्ट सांगितली ती मी विसरले नाही. बोटं तयार होण्याआधी सगळ्या पेशी सारख्याच असतात, मग अंगठा कुणी व्हायचं आणि करंगळी कुणी, हे ठरतं कसं? सर पोरांना म्हणाले, "बाजारात भज्याचा गाडा असतो. जवळ उभं राहिलं तर वास दणकून येतो, लांब गेलं की कमी कमी. पंखाच्या मागच्या कडंला काई पेशी असतात, त्यातलं एक जनुक असाच वास सोडून राहतं. ज्या पेशीला लय वास आला ती करंगळी होते. जिला आलाच न्हाई, ती अंगठा." हे जनुक नुकतंच कुठंतरी परदेशात सापडलं होतं. औरंगाबादच्या एका मित्राकडून सर मासिकं मागवायचे. त्या दिवशी घरात लगीन असल्यासारखे वावरत होते. स्टाफरूममध्ये त्यांनी सगळ्यांना भजी खाऊ घातली आणि कुणाला कुठून कितपत वास आला ते विचारलं.

"गर्भाला घड्याळ असतं, पंचांग नसतं," हे त्यांचं आवडतं वाक्य. हात कधी फुटायचा, कोपर कधी, बोटं कधी, याची वेळ ठरलेली. त्या वेळेत झालं ते झालं. मग बाहेर ग्रहण असो की अमावास्या, आतल्याला कुणी विचारत नाही. आमच्या भागात पोटुशी बाई ग्रहणात विळीला हात लावत नाही. लावला तर लेकराचं काहीतरी कापलेलं निघतं, ओठ नाहीतर बोट. सरांना याचा भयंकर राग. दुभंगलेल्या ओठाच्या एका पोराच्या आईला गावानं कसं छळलं ते त्यांनी लहानपणी शेजारी पाहिलं होतं.

सरांची बायको लवकर गेली. मुलगी सुजाता त्यांनीच वाढवली. प्रयोगशाळेतल्या स्टुलावर बसून ती शाळेचा अभ्यास करायची. अंड्याला खिडकी पाडायला ती सरांपेक्षा चांगली शिकली होती, असं सरच सांगायचे. तिला जवळच्याच हट्टा गावी दिली. जावई गौतम शांत माणूस, वसमतला मोटारदुरुस्तीचं दुकान. घरात चालायचं ते सासूचं, सखुबाईंचं. सखुबाई विहारात वंदनेला पहिल्या रांगेत बसायच्या, पण ग्रहणही पाळायच्या. त्यांना त्यात काही खटकत नसे.

पंच्याण्णवच्या ऐन दिवाळीत सूर्यग्रहण आलं. सुजाताला सातवा सरत होता. सर काळे चष्मे घेऊन सकाळीच हट्ट्याला निघाले आणि मलाही घेऊन गेले. गल्लीतली दारं बंद होती. सखुबाईंनी सुजाताला आत निजवून, हालायचं नाही असं बजावलं होतं. सरांनी तिला हाताला धरून अंगणात आणलं. डोळ्यांवर चष्मा लावून सूर्य दाखवला. तिथंच थांबले असते तर बरं झालं असतं. पण ते स्वतः आत गेले आणि विळी आणि लाल भोपळा घेऊन आले.

"काप, बाई."

"बाबा, काहून उगं?"

"काप म्हणतो ना. सगळ्यांना बघू दे."

दारं किलकिली होऊन लोक बघतच होते. सखुबाई उंबऱ्यात हात जोडून म्हणाल्या, "इव्हाईदादा, पाया पडते. तुमचं शास्त्र तुमच्या घरी करा." सुजातानं सासूकडं पाहिलं, मग बापाकडं. बापानं सांगितलेलं आजवर खोटं ठरलं नव्हतं. ती विळीवर बसली आणि तिनं भोपळ्याच्या फोडी केल्या. आणि सरांनी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "दोन महिन्यांनी समदे या लेकरू बघायला. धडधाकट लेकरू, हाच माझा पुरावा."

हट्ट्यालाच मुलगी झाली. डावा हात कोपराच्या जरा खाली संपलेला. बाकी सगळं नीट, रडणं खणखणीत. आणि लोक आले. सरांनीच बोलावलं होतं, म्हणून आले. कुणी भांडलं नाही, कुणी टोमणा मारला नाही. दुपटं उघडून बघायचे, जीभ टाळ्याला लावून च् च् करायचे आणि सरांकडं न बघता निघून जायचे. सर दाराशी उभे होते. मी त्यांना बसा म्हटलं तर त्यांना ऐकूच आलं नाही.

बाळंतिणीला बाराव्या दिवशी सर घरी घेऊन आले. परत न्यायला हट्ट्याहून कुणी येईना. गौतम महिन्यातून एकदा येऊन मुलीला बघून जायचा. आईचं नाव काढलं की मान खाली घालायचा. सखुबाईंचा निरोप एवढाच होता की, जिनं आपल्या हातानं लेकराचा हात कापला तिला समोर बघवत नाही.

पण खरा घोर त्या निरोपाचा नव्हता. सुजाताला तो पटला होता, हा घोर होता. स्टुलावर बसून पिल्लांचे पंख बघत वाढलेली ही मुलगी, आता विळी दिसली तर खोलीतून बाहेर जायची. भाज्या हातानं मोडायची. वांगी असली तर सर कॉलेजला निघण्याआधी चिरून ठेवायचे. मुलीचं नाव ठेवलं आम्रपाली, म्हणायचे आमू. सुजाता तिला पाजायची, न्हाऊ घालायची, पण डाव्या बाजूला बघायची नाही. आमूला कडेवर घेतलं की तो आखूड हात पदराखाली झाकून टाकायची. मला एकदा म्हणाली, "मॅडम, भोपळा कापताना कच्चकन आवाज आला व्हता. तुमाला आठवतो का?" मी नाही म्हटलं. मला आठवत होता.

सर रोज तिच्यापुढं बसून समजवायचे. हात सातव्या महिन्यात होतच नाही. दिवस गेल्यावर दीड-दोन महिन्यांत त्याचा निकाल लागलेला असतो. ग्रहणाच्या कितीतरी आधी, वैशाखात, त्या हाताचं वाढणं थांबलं होतं. सुजाता ऐकून घ्यायची आणि विचारायची, "मंग काहून थांबलं?" ते खोटं बोलत नसत. "माहीत न्हाई, बाळ. असं होतं कधी कधी. अजून कुणालाच माहीत न्हाई," म्हणायचे. सखुबाईंकडं कारण होतं. सरांकडं फक्त वेळ होती. कारण मागणाऱ्या आईला वेळ सांगून तिचं समाधान कसं व्हावं?

मला म्हणाले, "मॅडम, एका लेकरावरून काईच सिद्ध होत न्हाई. धडधाकट झालं असतं तरी झालं नसतं. आयुष्यभर हेच शिकवलं मी. अन् मीच गल्लीला सांगून बसलो." हे बोलताना ते आपल्याच तळहाताकडं बघत होते. त्या वर्षी ते एकदम म्हातारे दिसायला लागले.

मग त्यांनी अंड्यांचा सपाटाच लावला. पंखाच्या फुगवट्याच्या टोकाला एक बारीक कडा असते, ती पंखाला पुढं पुढं वाढायला लावते. ती कडा लवकर खरवडून काढली तर पंख तिथंच थांबतो, थोटा राहतो. तेच काम चांगलं उशिरा केलं तर काही होत नाही, पंख पुरा असतो. सर शिवायची सुई दगडावर घासून घासून तिनं हे करायचे. कितीतरी पिल्लं मेली. शेवटी दोन अंडी हवी तशी जमली आणि ती कापसात गुंडाळून, मांडीवर धरून, सर एसटीनं हट्ट्याला निघाले. सुजाताला आणि आमूला सोबत घेतलं. मीही गेले, कारण त्यांना एकटं सोडवेना.

अंगणात बाजेवर ताट ठेवून सरांनी दोन्ही अंडी उघडली. एकात अर्धा पंख, एकात पुरा. सखुबाई, गौतम आणि शेजारच्या चार बाया वाकून बघत होत्या.

"हे बघा सखुबाई, याला लवकर सुई लावली. पंख थांबला. अन् याला उशिरा लावली. बराबर दोन्ही पंख हायत का? भिंत उभी राहिल्यावर गवंडी पळून गेला तर भिंत पडती का? तसंच हे. ग्रहण आलं तवा आमूच्या हाताचं काम कवाच संपलं व्हतं. सुजातानं काईच केलं न्हाई."

माझी खात्री आहे की क्षणभर सखुबाईंना ते पटलं होतं. त्या खाली बसल्या, पुन्हा दोन्ही पिल्लांकडं पाहिलं. त्या दुष्ट बाई नव्हत्या. आम्ही आल्याबरोबर आमूला त्यांनीच उचलून घेतलं होतं आणि त्या आखूड हाताला तेल लावत बसल्या होत्या. हळूच म्हणाल्या, "म्हंजे वैशाखात झालं म्हणता."

"व्हय, व्हय. वैशाखातच."

"वैशाखात ही कुटं व्हती? तुमच्याच घरी व्हती की माहेरपणाला." त्यांनी ताटाकडं बोट केलं. "अन् तुमाला तर लेकरांचे हात तोडता येतात, दादा. येतात का न्हाई? हे काय समोर."

सुजातानं आमूला सासूकडून घेतलं आणि जाऊन एसटीच्या थांब्यावर बसली. परतीच्या वाटेत ती एकच गोष्ट बोलली. "बाबा, तुमी पुस्तकात दाखवलं व्हतं. एका पिल्लाचा तुकडा काढून दुसऱ्याला लावतात, अन् तो जगतो. माझा हात काढून हिला लावता येतो का?"

सर म्हणाले, "न्हाई येत."

"आत्ताच लावला तर येतो का? मंजे ही लहान हाय तवर?"

सरांनी खिडकीकडं तोंड फिरवलं. मी माणसं रडताना पुष्कळ पाहिली आहेत, पण आवाज बाहेर येऊ न देता सबंध अंग हलेपर्यंत रडणारा माणूस शेजारच्या सीटवर असणं फार वाईट. सुजाता मात्र रडत नव्हती. ती उत्तराची वाट बघत होती. त्यानंतर तिनं जेवण जवळजवळ सोडलं. आमू रडली तरी कधी कधी उठायची नाही. शेजारणी सरांना म्हणायला लागल्या, मास्तर, लेकीवर नजर ठेवा, विहिरीकडं एकटी सोडू नका.

एका रविवारी सर माझ्या दारात आले. "हट्ट्याला जायचं हाय. चला. साक्षीला कुणीतरी पाहिजे." हातात पिशवी नव्हती, अंडी नव्हती. मला वाटलं, सोडचिठ्ठीचं बोलायला निघालेत.

त्यांनी अंगणात चपला काढल्या. गल्लीतले लोक जमेपर्यंत थांबले. ग्रहणाच्या दिवशी बोलले होते त्याच जागी उभं राहून, तेवढ्याच मोठ्या आवाजात बोलले.

"सखुबाई, ग्रहणानंच झालं."

मी दचकून त्यांच्याकडं पाहिलं. ते माझ्याकडं बघत नव्हते.

"मी लय अभ्यास केला. पुस्तकं चाळली, अंडी फोडली. तुमचंच खरं निघालं. ती न्हाई म्हणत व्हती, मी बापाचा धाक घालून कापायला लावलं. दोष माझा हाय. तिला काईच लागत न्हाई. तुमाला शिव्या द्यायच्या तर मला द्या, पण पोरीला घरी आना. ती मरायला टेकली."

सखुबाई हमसून हमसून रडल्या. दुसऱ्याच दिवशी त्या स्वतः गौतमला घेऊन जवळा बाजारला आल्या आणि सुजाताची ओटी भरून तिला घेऊन गेल्या. निघण्याआधी सुजाताला सरांनी तेच सांगितलं, तिच्या डोळ्यांत बघून. ती त्यांच्यावर अशी तुटून पडली, की भिंतीपलीकडच्या लोकांनी ऐकलं. तुमच्या शास्त्रापायी, तुमच्या हट्टापायी माझ्या लेकराचं वाटोळं केलंत! पुढं बरीच वर्षं ती त्यांच्याशी धड बोलली नाही. पण ती जेवायला लागली. आमूला उघड्या हातानं कडेवर घ्यायला लागली. सखुबाईंनीच मला सांगितलं, की आता ती विळीवर बसते. बापावरच्या रागानं त्या पोरीला उभं केलं, हे मला दिसत होतं आणि तरी मला ते सहन होत नव्हतं.

त्या रविवारी हट्ट्याहून परतताना बसमध्ये मी सरांशी भांडले होते. "सर, तुम्ही धडधडीत खोटं बोललात. तुम्ही!"

"मॅडम," ते म्हणाले, "खरं सांगून बघितलं की."

त्यानंतर सर बाजारात अंड्यांकडं फिरकले नाहीत. सिंकखालची कोंबडी कुणालातरी देऊन टाकली. गर्भाचा धडा आला की पुस्तक उघडून वाचून दाखवायचे, फळ्यावर एक आकृती काढायचे आणि घंटेच्या आधीच थांबायचे. पुढं हाताचं जनुक वेगळं आणि पायाचं वेगळं, असं काहीतरी नवीन सापडल्याचं मीच त्यांना वर्तमानपत्रातून वाचून दाखवलं. "असं का," म्हणाले आणि चहा संपवला. गावोगावी मात्र त्यांचं नाव झालं. ग्रहण जवळ आलं की म्हाताऱ्या सुनांना सांगायच्या, अगं, खिल्लारे मास्तरांसारख्या शिकलेल्या माणसानं हात जोडून मान्य केलं. जन्मभर ज्या समजुतीशी भांडले तिला सरांनी स्वतःच साक्षीदार मिळवून दिला होता, आणि हे त्यांच्या कानावर येत होतं.

माझी बदली हिंगोलीला झाली. सर निवृत्त झाल्यावर एकदा, नव्या शतकाच्या सुरवातीच्या वर्षांत, मी काही कामानं जवळा बाजारला गेले होते, तेव्हा ते थांब्यावर दिसले. सोबत शाळेच्या गणवेशातली आमू. सुट्टीला आजोबांकडं आली होती, तिला हट्ट्याला सोडायला निघाले होते. बारीक झाले होते, पण मला बघून खुलले. आम्ही बोलत होतो तेवढ्यात एक पोटुशी मुलगी गर्दीतून वाट काढत आली आणि अवघडून वाकत सरांच्या पाया पडली. आमचीच जुनी विद्यार्थिनी. गर्भाच्या आकृत्या तिच्याइतक्या सुंदर त्या कॉलेजात कुणी काढल्या नव्हत्या. सर तिच्या वह्या वर्गभर फिरवायचे.

"सर, परवाच्या चंद्रग्रहणात मी कूससुद्धा बदलली न्हाई," ती कौतुकानं सांगू लागली. "सासूबाई म्हणल्या, तुझ्याच सरांनी सांगितलेलं हाय. मी म्हणलं, मंग तर पाळायलाच पाहिजे."

"कितवा तुला?" सरांनी विचारलं.

"आठवा लागला."

सरांचा हात आपोआप वर आला. फळ्यासमोर उभे असल्यासारखं बोट उंचावून ते म्हणाले, "अगं, आठव्यात तर हातपाय कवाच..."

"कवाच काय, आजोबा?" आमूनं वर बघून विचारलं. तिनं उजव्या हातानं त्यांचा सदरा धरला होता.

त्यांनी आमूकडं पाहिलं. बोट हळूहळू खाली आलं आणि त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"काई न्हाई," ते म्हणाले. मग त्या मुलीकडं वळून, "बरं केलंस, लेकी. आठव्यात जपावं."

हट्ट्याची गाडी लागली. सरांनी आमूला उचलून आत चढवलं, स्वतः चढले आणि मागं वळून न बघता आत जाऊन बसले. गाडी दिसेनाशी झाली तरी ती मुलगी हात जोडून उभी होती.